दोनदा फुटलेला पोळा

निंबखेड्यात यंदा पोळा दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा तो उद्धवरावांनी फोडला, असं गावात सांगतात. यातलं अर्धंच खरं आहे. पहिल्यांदा पोळा रीतीप्रमाणे, आपल्या वेळेला, आपला आपण फुटला. उद्धवराव तेव्हा कॅमेऱ्याचं बटण दाबून नुसते उभे होते. दुसऱ्या वेळचं मात्र त्यांच्याकडेच जातं, आणि ते त्यांनी कधी नाकारलेलं नाही.

कॅमेरा त्यांच्याकडे आला तो हैदराबादहून. मुलगी उत्कर्षा तिथं नोकरीला. तिनं स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना वडिलांना पाठवला, सोबत चिठ्ठी की बाबा, रोजच्या जगण्यातले छोटे छोटे आनंद टिपा. ही कल्पना मुलीची, असं उद्धवराव आजही समजतात. प्रत्यक्षात ती त्यांच्या बायकोची, कुसुमबाईंची होती. नवरा रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवत हिंडतो आणि जिऱ्याचा डबा मोहरीच्या जागी ठेवला तर खुलासा मागतो, हे त्यांनी मुलीला फोनवर रडून सांगितलं होतं.

उद्धवराव मुळात कारकून. तेलंगणात, पण महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बोथच्या एका शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी हजेरीपट आणि दाखले सांभाळले. त्यामुळे आनंद टिपायचे म्हटल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल, तर एक रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, तारीख, नाव, आनंदाचा प्रकार, शेरा. पहिल्याच दिवशी नोंद पडली: 'क्र. १. सोनाबाई, वांगी विकताना. आनंदाचा प्रकार: दिसून आला नाही.' दुसऱ्या नोंदीतही आनंद दिसून आला नाही, आणि सतराव्या नोंदीतही नाही.

दोष उद्धवरावांचा नव्हता. निंबखेड्यातला माणूस कॅमेरा पाहिला की टोपी सरळ करतो, हात मांड्यांना चिकटवतो आणि रेशनकार्डासाठी उभा राहावं तसा उभा राहतो. विहिरीवर खिदळणाऱ्या बाया उद्धवराव दिसताच अशा गप्प होत की कोणाकडे काही झालं की काय असं वाटावं. बरं, सल्ला द्यायला सगळे पुढे. कोणी म्हणे, काका, लपून काढा. उद्धवराव तुरीत लपून बसले, तर शेतमालक महिपत काठी घेऊन आला. त्याला आत रानडुक्कर वाटलं होतं. त्या फोटोची नोंद 'क्र. २६. महिपत, काठीसह' अशी आहे. शेरा: 'आनंद माझ्या बाजूने नाही.'

एवढ्या खटपटीचं एक कारण होतं. जिल्ह्यातल्या एका मराठी पेपरानं रविवारच्या पानावर वाचकांचे फोटो छापायला सुरुवात केली होती. सदराचं नाव 'आनंदाचे क्षण'. उद्धवरावांचं नाव आजवर पेपरात एकदाच आलं होतं, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीत, आणि तेही चुकून.

शेवटी त्यांना मार्ग दाखवला दादाजींनी. दादाजी म्हणजे शेजारचे, वयानं शहात्तर. रोज सकाळी सहाला उद्धवरावांच्या ओट्यावर येऊन बसणार, बशीत चहा ओतून पिणार आणि उठून जाणार. बोलणं बेताचं, हसणं तर नाहीच. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. दादाजींची कवळी सैल होती. हसले की सुटायची, आणि कवळीशिवाय हसलं तर तोंडाचं बोळकं दिसायचं, म्हणून त्यांनी हसणंच बंद केलं होतं.

"पोळ्याले काढ ना फोटो," दादाजी बशी खाली ठेवत म्हणाले. "त्या दिवशी मान्साचं ध्यान बैलाकडं राह्यते. तुह्याकडं कोन पाह्यते?"

हे बोलताना दादाजींचं स्वतःचं ध्यान आपल्या गोठ्याकडेच होतं. गोठ्यात चांद्या आणि लाखा. चांद्याच्या कपाळावर मोठा पांढरा चांद. निंबखेड्याच्या पोळ्यात मानाची जोडी दादाजींच्या घरची, त्यांच्या आजोबांपासून. आखरावर, म्हणजे गावकुसाच्या मोकळ्या जागेवर, सगळ्या बैलांची रांग लागते, समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, मानाची जोडी तोरणाखाली आली की सरपंच दोरी तोडतात आणि ती जोडी सगळ्यांत आधी पलीकडे जाते. तिची पूजा झाली की मग बाकीची. याला पोळा फुटणं म्हणतात, आणि हा मान दादाजींकडे आहे म्हणूनच ते दोन बैल अजून गोठ्यात होते. मुलगा संतोष ट्रॅक्टर घेऊन मोकळा झाला होता. दर पंधरा दिवसांनी तो म्हणायचा, "बाबा, बैल काऊन पोसून राह्यलो आपन? दोघं मिळून ढेप खातेत अन् ढेकर देतेत." त्यावर दादाजींचं एकच उत्तर ठरलेलं, "पोळा काय तुह्या ट्रॅक्टरनं फोडाचा हाय?" यावर संतोष ट्रॅक्टर चालू करून शेताकडे निघून जाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उद्धवरावांनी जय्यत तयारी केली. कॅमेऱ्यात एक सोय असते: बटण दाबायचं, दहा सेकंद तो टीटी करतो आणि मग आपोआप फोटो काढतो. उद्धवरावांना आपला आणि कुसुमबाईंचा तुळशीसमोर एक फोटो हवा होता. कॅमेरा पाटीवर ठेवून, बटण दाबून ते सात वेळा पळाले. सातही फोटोंत कुसुमबाई एकट्या, आणि कडेला कधी उद्धवरावांचं ढोपर, कधी पाठ. आठव्या वेळी त्या म्हणाल्या, "अवो, तुमी तिथंच उभे राहा, मीच तुमाकडं येतो." तेवढ्यात दूध उतू गेलं आणि प्रकरण तहकूब झालं. दहा सेकंदांची सोय बंद करायची मात्र राहून गेली. पुढच्या रामायणाचं मूळ एवढंच आहे.

पोळ्याच्या दिवशी आखर फुलून गेलं. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. उद्धवराव तोरणाच्या बरोबर समोर उभे. दादाजी चांद्या-लाखाला घेऊन सगळ्यांत पुढे. त्यांनी कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, कारण मागे एका वर्षी 'हर हर महादेव' म्हणताना ती थेट सरपंचांच्या पायाशी जाऊन पडली होती. रांगेच्या पार शेवटी फकिरा भाजीवाला. त्याचा एक बैल उंच आणि दुसरा बुटका, बुटक्याला शिंगही एकच. असली जोडी पुढे कोण येऊ देणार? त्यामुळे फकिरा दर वर्षी शेवटी, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही असं सगळे धरून चालत.

जोडी तोरणाखाली आली. सरपंचांनी हात वर केला. उद्धवरावांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

कॅमेरा म्हणाला, "टी."

दोरी तुटली. "हर हर महादेव!" डफडी वाजली. कॅमेरा म्हणाला, "टी. टी." डफड्यांना बुजून लाखा चार पावलं थेट उद्धवरावांच्या अंगावर आला. उद्धवराव कॅमेरा सोडून पाराकडे पळाले. कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला लटकत पोटावर आपटत होता आणि टीटी करत होता. ते पारापाशी वळून उभे राहिले, धाप टाकली, आणि पोटावर कॅमेऱ्यानं आपलं काम संपवलं. खट्.

उन्हात पडद्यावर धड काही दिसेना. मधोमध एक पांढरा डाग तेवढा होता. उद्धवरावांनी आपल्या पांढऱ्या बुशशर्टाकडे पाहिलं आणि निकाल दिला. संध्याकाळी रजिस्टरात ती नोंद अशी गेली: 'क्र. ४३. स्वतःचा बुशशर्ट. आनंदाचा प्रकार: नाही.'

पण पोळा! तो तर फुटून गेला होता. चांद्या-लाखाची पूजा झाली, दादाजी त्यांना घेऊन घरी गेले, बाकीच्या जोड्या एकामागून एक निघाल्या. आता वर्षभर थांबायचं? उद्धवरावांच्या डोळ्यांपुढून रविवारचं पान सरकत गेलं, आणि ते सरपंचांना म्हणाले, "दोनच मिनटं. तोरन पुन्ना बांधू. फोटोपुरतं."

"काका, पोळा पुन्ना बांधते का कोनी?" सरपंच म्हणाले.

"पेपरात येनार हाय."

यावर सरपंचांनी टोपी सारखी केली. तोरणाची दोरी तर तुटलेली, म्हणून कोणाच्या तरी अंगणातली कपडे वाळवायची हिरवी नायलॉन दोरी आली, तिला तीच पानं अडकवली. प्रश्न जोडीचा होता. पोळा फुटून घरी गेलेला, पुरणपोळी खाल्लेला बैल माघारी आणत नाहीत. आखरावर फक्त एकच जोडी उरली होती, आणि ती कोणाची हे सांगायला नको. फकिराला पुढे उभं केलं तेव्हा तो दोनदा मागे वळून पाहू लागला, की आपल्याच नावानं हाक मारली ना.

दोरी तुटली. या वेळी उद्धवरावांनी उत्कर्षाला फोन करून सगळी सोय नीट लावून घेतली होती. फोटो असा आला की बोलायची सोय नाही. पानं हवेत उडालेली, बुटक्या बैलानं मान वर केलेली, आणि फकिराच्या तोंडावर असा आनंद की रजिस्टरातला तो रकाना अपुरा पडावा.

फोटो पेपराकडे गेला तो वैभवमार्फत. वैभव म्हणजे गावातला वार्ताहर, झेरॉक्सचं दुकानही त्याचंच. उद्धवरावांनी फक्त 'पोळ्याचा आनंद' एवढंच लिहून दिलं होतं. वैभवला ते मिळमिळीत वाटलं. दुसऱ्या रविवारी चार कॉलमी रंगीत फोटो आला आणि खाली ओळ: 'निंबखेडा येथे परंपरेनुसार पोळा फोडताना मानाच्या जोडीचे मालक फकिरा. छाया: उद्धवराव.'

उद्धवरावांनी आपलं नाव चार वेळा वाचलं. कुसुमबाईंनी ओळ एकदाच वाचली आणि म्हणाल्या, "अवो, हे काय करून ठेवलं?"

सोमवारी सकाळी सहाला दादाजी आले नाहीत. बशी पालथीच राहिली. मंगळवारी उद्धवरावांनी ओट्यावरून खोकून पाहिलं, पलीकडे गोठ्यात दादाजी चांद्याची पाठ घासत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. दुपारी संतोष रस्त्यात भेटला. तो काही रागात नव्हता, उलट खुशीत होता आणि तेच वाईट होतं.

"काका, उपकार झाले तुमचे. मी बाबाले सांगितलं, मान तं गेला आता फकिराकडं, पेपरातच आलं. मंग बैल काऊन ठेवाचे? येत्या शनिवारी नदीपल्याडच्या बाजारात नेऊन राह्यलो. बाबा काही बोलले नाही."

उद्धवराव घरी आले ते खाली मान घालून. एका फोटोपायी चांद्या विकला जाणार आणि दादाजी काही बोललेच नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर उद्धवरावांना जेवण गेलं असतं.

म्हणून ते वैभवकडे गेले. "खुलासा छाप. पयले दादाजीची जोडी गेली, हा फोटो नंतरचा हाय."

"छापतो ना काका. पन पेपरवाले सबूत मांगतेत. सरकारी कागद आना एखादा."

सरकारी कागद म्हटल्यावर उद्धवरावांना हुरूप आला, हा आपला प्रांत. बुधवारी इस्त्रीचे कपडे घालून ते मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, ऑफिसात गेले. खिडकीपलीकडे भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई. "एम कावाली?" काय पाहिजे, असं त्यांनी तेलुगूत विचारलं, आणि उद्धवरावांचा चेहरा पाहून हिंदीवर आल्या, "क्या होना?"

उद्धवरावांनी तीन पानी दरख्वास्त पुढे केली. विषय: पोळा प्रथम कोणी फोडला याबाबत दाखला मिळणेविषयी. बाईंनी ती शांतपणे वाचली, निदान पानं तरी उलटली.

"बैल मर गया क्या?"

"नहीं जी. जिंदा है."

"मरा तो दाखला है. गुमा तो दाखला है. जिंदा है, घर में है, उसका क्या दाखला देना?"

"वो पहले गया, ये लिखके होना."

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. त्यात तसा रकाना नव्हता. मात्र त्या मनानं चांगल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, पाच गवाहांच्या सह्या आणा, आणि बैलांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांचे नंबर टाका. कुठला बैल पुढे होता हे नंबराशिवाय कसं कळणार? बारा आकडी. मग साहेबांपुढे ठेवते.

उद्धवरावांना नियम पटला. त्यांनीही बत्तीस वर्षं लोकांना असेच हेलपाटे घालायला लावले होते.

गवाह गोळा करणं मात्र नियमांत बसेना. सगळं गाव आखरावर होतं, आणि पाहिलं कोणीच नव्हतं. एक जण म्हणाला, मी माह्या बैलाचं बाशिंग बांधून राह्यलो होतो. दुसऱ्याच्या पायावर त्याच वेळी त्याच्या बैलानं पाय दिला होता, त्यामुळे डोळे मिटलेले. महिपत तुरीच्या प्रसंगापासून नाराजच होता. तो म्हणाला, "काका, मी डोळ्यानं पाह्यलं, पयले दादाजी गेले. पन पेपरात तं येगळंच आलं ना? छापून आलं म्हंजे काही तरी असंल." सरपंचांनी तर हातच जोडले, कारण फोटोत त्यांची टोपी छान आली होती.

राहता राहिला फकिरा. गुरुवारी संध्याकाळी उद्धवराव त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, फोटो लॅमिनेट करून दाराशी लावला होता. दोन गावांहून पाहुणे येऊन गेले होते, आणि सासऱ्यानं शाल पाठवली होती. ज्या सासऱ्यानं लग्नात टोपीसुद्धा दिली नव्हती, त्यानं.

फकिरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुठी सही करू, सांगा."

"शालीचं काय?"

"वापस देतो, अजून काय? मले का मालूम नाही मी कितवा होतो? दर साली मागून मोजतो तं पयला येतो." त्यानं दाराकडे पाहिलं. "फोटो तेवढा राहू द्या काका. त्यात मी हासून राह्यलो ते खोटं नाही."

उद्धवरावांनी सही घेतली. पाचांपैकी एक. घरी येताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते मारुतीच्या मागच्या गल्लीतून आले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कॅमेरा खोक्यात घातला, खोक्याला दोरी बांधली आणि हैदराबादचा पत्ता लिहायला घेतला. "ह्या आनंदापायी माह्या शेजाऱ्याचा गोठा रिकामा झाला. नाही पाह्यजे," असं ते म्हणत होते. कुसुमबाईंनी दोरी सोडली. त्यांना तुळशीजवळचे फोटो पाहायचे होते. सात फोटोंत नवरा नाही तरी आपण बऱ्या आलोत की नाही, हे तपासल्याशिवाय कॅमेरा परत कसा द्यायचा? त्या पदरानं पडदा पुसून एकेक फोटो पुढे सरकवत राहिल्या. सरकवता सरकवता थांबल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "हे कोन हाय?"

"तो माहा बुशशर्ट हाय. नोंद हाय त्याची."

"तुमच्या बुशशर्टाले शिंगं हायत का?"

उद्धवरावांनी चष्मा चढवला. घरातल्या सावलीत पडदा लख्ख दिसत होता. पांढरा डाग म्हणजे चांद्याच्या कपाळावरचा चांद. त्या चांदाला कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी बैलाची मान कवटाळून एक म्हातारा हसत होता. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, तोंडात एकही दात नाही. हे दादाजी होते. त्यांच्या मागे तोरण एका टोकाला लोंबकळत होतं, त्यामागे बाकीच्या जोड्या रांगेत थांबलेल्या, आणि पार टोकाला, उंच-बुटक्या बैलांच्या मधोमध, फकिरा. चांद्याच्या कानातला पिवळा बिल्ला तर असा स्पष्ट की कुसुमबाईंनी फोटो मोठा करून बाराही आकडे वाचून दाखवले.

शुक्रवारी वैभवचं दुकान बंद होतं, म्हणून शनिवारी सकाळी ते उघडायच्या आधीच उद्धवराव पायरीवर बसले होते. फोटो हातात पडताच ते धावले. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, चपला हातात घेऊन. दादाजींच्या दारात पिकअप गाडी उभी होती, मागची फळी पाडलेली. लाखा वर चढला होता. चांद्यानं पाय रोवले होते आणि संतोष त्याला ओढत होता. दादाजी ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"थांब!" उद्धवराव ओरडले. "सबूत हाय! सरकारी नंबरासकट!" आणि त्यांनी धापा टाकत वाचायलाच सुरुवात केली, "प्रस्तुत छायाचित्रात डाव्या कानातील बिल्ला क्रमांक..."

संतोषनं फोटो त्यांच्या हातातून घेतला. बिल्ला कुठं आहे ते त्यानं पाहिलंच नाही, तोरणही नाही आणि फकिराही नाही. तो एकाच जागी पाहत राहिला. उद्धवरावांचा नंबर वाचून संपला, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी तो पाहतच होता.

"हे बाबा हायत?" शेवटी तो म्हणाला. "माह्या लग्नात बी असे नाही हासले. मी तर... मले वाटे, यायले हासूच येत नाही."

संतोषनं दाव्याची ओढ सैल केली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "लाखाले उतरव भाऊ. आज नाही जमत."

"मंग कवा येऊ?"

"नोको येऊ."

चांद्या आपला आपण वळला आणि गोठ्यात गेला. उद्धवरावांनी ओसरीच्या पायरीवर बसून चपला पायांत घातल्या. दादाजी उठून आले, फोटो दूर धरून, जवळ धरून पाहिला. सहा दिवसांत ते उद्धवरावांशी एक शब्द बोलले नव्हते. आता बोलले.

"दात काऊन नाही दिसून राह्यले?"

"दादाजी, दात खिशात होते तुमच्या."

"मंग सांगाचं ना आंधी. बसवले असते." त्यांनी खिशातून कवळी काढली, धोतरानं पुसली आणि बसवली. "चाल, पुन्ना काढ. संतोष, तोरन बांध."

उद्धवरावांनी कोपरापासून हात जोडले. मग दादाजींच्या तोंडाची एक बाजू हलली, कवळी सटकली, आणि त्यांनी ती घाईघाईनं हातात झेलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते चहाला आले.

रजिस्टरात क्रमांक त्रेचाळीसवर तांबड्या शाईनं रेघ मारून दुरुस्ती झाली आणि खाली उद्धवरावांची सही. फोटोच्या दोन प्रती संतोषनं मागून नेल्या. एक गोठ्यात लागली, आणि दुसरी त्यानं ट्रॅक्टरवर, देवाच्या स्टिकरच्या शेजारी चिकटवली.

पेपरातला खुलासा काही दिवसांनी आला, आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळींचा. वैभवनं तो फोनवरून घाईत सांगितला होता आणि तिकडे कोणीतरी घाईत लिहून घेतला होता. उद्धवराव तो घेऊन ओट्यावर आले तेव्हा दादाजी चहा पीत होते. त्यांनी खाली मान घालून वाचून दाखवलं, "निंबखेडा येथील पोळ्याचे खरे मानकरी श्री. चांद्या हे असून, त्यांच्या बैलाचे नाव दादाजी आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

"मी उद्याच जातो पेपरच्या हापिसात," उद्धवराव म्हणाले. "पुन्ना खुलासा छापाले लावतो."

दादाजींनी बशीतला चहा संपवला. गोठ्याकडे एकदा पाहिलं.

"काही जरूरत नाही," ते म्हणाले. "बराबर छापलं. मान त्याचाच हाय. मी तं नुस्ता संगं जातो."